कावळा आणि अण्णाचे नवे अल्बम

दहाव्याला निघताना रवळूनं पिंडाच्या सामानाच्या पिशवीत गुपचूप ब्लूटूथ स्पीकर टाकला. केळीच्या पानांखाली. एवढंच त्यानं केलं. (त्याच्या आजवरच्या उद्योगांच्या मानानं हे काहीच नाही.)

त्याचा थोरला भाऊ सौरव, म्हणजे त्याचा अण्णा, बेळगावात बँकेत होता. वय चौतीस. त्याला वेड जॅझ आणि सोल संगीताचं. दर शुक्रवारी जगात कुठंकुठं नवे अल्बम निघत, आणि तो फोनवर आधीच यादी करून ठेवी: ऐकायलाच हवेत. खानापूरला घरी आला की टेम्पो चालवणाऱ्या, नववीत शाळा सोडलेल्या रवळूच्या कानात इयरफोन कोंबी. रवळू अर्ध्या मिनिटात काढून टाकी. एका गुरुवारी सौरव बँकेच्या जिन्यात कोसळला तो उठलाच नाही. शुक्रवारी अल्बम मात्र ठरल्याप्रमाणे आले.

मलप्रभेच्या काठावर पिंड मांडले. जांभळीवर सात-आठ कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. मग काका भावकू आप्पा हात जोडून सौरवची राहिलेली इच्छा शोधायला लागले.

"सौरवा, आईकडं बघतो आम्ही."

कावळे गप्प.

"तुझ्या नीलमला एकटं पडू देणार न्हाय. घरावरचा स्लॅब बी पुरा करतो."

एका कावळ्यानं फांदीला चोच पुसली. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

ऊन चढलं. भटजींना दुसरीकडं जायचं होतं. ते दर्भाचा कावळा वळायला बसले. खरा कावळा आला नाही की तो गवताचा पिंडाला लावून उरकतात. ते बघून रवळू पुढं झाला. म्हणजे अण्णा उपाशीच जाणार.

"थांबा भटजी. मला ठाऊक हाय काय ऱ्हायलंय त्याचं."

त्यानं पिशवीतला स्पीकर बाहेर ठेवला आणि अण्णाचा फोन काढला. यादीत दोन शुक्रवारचे नऊ अल्बम होते, सगळे न ऐकलेले. इंग्रजी नावं वाचता येईनात, म्हणून चित्र बघून त्यानं एकावर ओलं बोट दाबलं. ट्रंपेट असा काही किंचाळला की कावळे पार पुलापर्यंत गेले.

"हे काय लावलंस रं?" आप्पा म्हणाले.

"जॅझ हाय."

"वाजवणारा चुकायलाय काय?"

"न्हाय, तसंच असतंय ते."

त्यानं घाईघाईनं दुसरा लावला. एक बाई खोल आवाजात गायला लागली. आईनं डोक्यावरचा पदर सावरला. "कोण गेलं गं बाई हिचं?" म्हणाली, आणि तिच्याबरोबर रडायला लागली. मग सगळ्याच बायका. शब्द एकीलाही कळत नव्हता, पण कुणाला अडलं नाही. कावळे एकेक करून परतले. रवळूनं हुरूप येऊन तिसऱ्याकडं बोट नेलं.

"पुरं ऐका की भावजी," नीलम वहिनी हळूच म्हणाली. "ते मधेच कधी बंद करत नव्हते."

रवळू ओल्या धोतरात, मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन घेत पाऊण तास बसला. उभ्या जन्मात त्यानं पहिल्यांदाच एक अल्बम पुरा ऐकला. संपल्यावर पिंडाला हात जोडले. "अण्णा, बाकीचे आठ बी ऐकतो. दर शुक्रवारी नवे बी ऐकतो. ये रं."

कावळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. येईनात.

भटजी गवताचा कावळा घेऊन उठले. आप्पांनी कपाळाला हात लावला आणि शेवटचा उपाय केला. "सौरवा, ह्या रवळ्याकडनं तुझा फोन काढून घेतो आणि नीलमकडं देतो."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. पोटभर खाल्लं त्यानं.

रवळूनं मुकाट फोन वहिनीच्या हातात दिला. तिनं पदर तोंडाला लावला. दहा दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि रवळूला हसत होती. रागवायचं तरी कुणावर, कावळ्यावर?

"बघ," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "मेल्यावर बी बरोबर वळखतोय तुला."