गिरजाबाईंनीं म्हातारपट्टी सोडविली तो प्रसंग

श्रीविघ्नहर्ता समर्थ. जो तिजोरीस कुलूप घालितो आणि किल्लीही ज्याचेच कमरेस, त्यास नमन करून लेखनास आरंभ केला. शके सोळाशें चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, एक राज्य होतें, आणि त्या राज्याचे विद्यालयांत गिरजाबाई म्हणोन विद्यार्थिनी शास्त्र शिकत होत्या, आणि पोटासाठीं तेथीलच ग्रंथशाळेंत पोथ्यांवरील धूळ झाडण्याची चाकरी करीत होत्या. राज्याचा कायदा ऐसा कीं, चाकराचे पगारांतून म्हातारपट्टी कापावी आणि म्हातारपणीं सरकारानें त्यास सांभाळावें. मात्र जो शिकतां शिकतां विद्यालयींच चाकरी करील, त्यास पट्टी माफ. ऐसें असतां पगारनवीस त्र्यंबकपंतांनीं वर्षभर बाईंची पट्टी कापिली, आणि बाईंस तें उमगलें परीक्षेची फी भरावयाचे समयीं, थैली उपडी केली तेव्हां. फी न भरावी तर पटावरील नांव जाय, आणि नांव गेलें तर विद्यार्थीपण जाय, मग माफी तरी कोणास?

मग बाई पंतांकडे गेल्या. पंत म्हणाले, "मुली, पैसा खजिन्यांत गेला. गंगेंत पडलेलें नाणें कोणी परत मागतें काय?"

बाई बोलिल्या, "पंत, गंगेंत मीं नाहीं टाकिलें, तुम्हीं टाकिलेंत."

पंत विडा चघळीत राहिले. मग बाई खजिनदार हैबतरावांकडे गेल्या, तों ते म्हणाले, आधीं पगारनवीसांनीं चूक कबूल करावी. आणि पुन्हां पंतांकडे गेल्या, तों पंत म्हणाले, आधीं खजिन्यानें पैसा सोडावा. ऐसी घाण्याची फेरी जाहली. दुसरा कोणी रडला असता. बाईंस हंसूं आलें. कारण त्या राज्यीं रिवाज होता कीं, पट्टी भरलेलें म्हातारें माणूस कचेरींत आलें तर त्यास लोडाशीं बसवावें, आणि तें आपले काळच्या गोष्टी सांगूं लागलें तर संपेतों कोणीं उठूं नये.

मग दुसरे दिवशीं ऐन जेवणाचे वेळेआधीं, "चला, आतां निकाल लागतो," म्हणोन बाईंनीं पंतांस संगें घेतलें, आणि काठी टेकीत खजिन्यांत शिरल्या, आणि थेट लोडाशीं बसोन कण्हूं लागल्या.

हैबतराव गर्जले, "हें काय सोंग?"

"म्हातारपट्टी घेतलीत, म्हणोन म्हातारी जाहल्यें. बस हो बाळ हैबती. आमचे वेळीं असें नव्हतें!"

आणि बाईंनीं आजोळची म्हैस काढिली. म्हैस ऐसी थोर कीं, एका शिंगावर एक गांव वसलेलें आणि दुसऱ्यावर दुसरें, आणि म्हशीनें मान हलविली कीं दोन्ही गांवांचे पाटील भांडत. मग त्या पाटलांच्या सोयरिकी, मग वऱ्हाड, मग वऱ्हाडांतील आत्याबाई आणि त्यांचे दुखरे गुडघे, एक एक गुडघा वेगळाला. आंत आमटी निवाली, कारकुनांचे पोटीं कावळे कोकलले, आणि पंतांचा विडा तोंडांतच सुकला. उन्हें कलतीं जाहलीं, तरी वऱ्हाड वेशींतच उभें.

शेवटीं हैबतराव ओरडले, "बाई, तुम्ही म्हाताऱ्या नाहीं!"

"मग कोण?"

"विद्यार्थिनी! साऱ्या कचेरीदेखत सांगतों, विद्यार्थिनी!"

"मग तेवढेंच लिहून द्या," बाई म्हणाल्या, "आणि पंतांनीं खालीं चूक लिहावी. नाहींतर वरमाई अजून यावयाची आहे."

पंतांनीं लेखणी हिसकूनच घेतली. पैसा त्याच घटकेस मोजून हातीं आला, फी भरली, नांव पटावर राहिलें. आणि इतर विद्यार्थ्यांची पट्टी हैबतरावांनीं कोणी न मागतां घरपोच धाडिली.

वर्तमान इतुकेंच. सार हें कीं, हक्काचा पैसा उभ्याउभ्या मागूं नये. बैठक मारून मागावा.