रिजेक्ट पीस

रविवारी सकाळी पराग डायनिंग टेबलावर मोबाईल आडवा ठेवून त्याच्या कडेला टूथपेस्ट चोळत होता आणि ईश्वरराव पेपरच्या आडून ते पाहत होते. घरात कोणी डोळ्यांदेखत चुकत असलं, तरी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःला घालून घेतला होता. आजपर्यंत तो एकदाही पाळला गेला नव्हता.

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“स्क्रॅचेस घालवतोय. व्हिडिओत दाखवलंय. घरच्या घरी मिरर फिनिश.”

“टूथपेस्टने?”

“हो. टूथपेस्ट आणि मऊ कपडा.”

“टूथपेस्टने दात घासतात, पराग.”

पराग चोळतच राहिला. संध्याकाळी एक्स्चेंजवाला माणूस नवीन फोन घेऊन येणार होता आणि जुना घेऊन जाणार होता. ऑफरचा आजचा शेवटचा दिवस. फोन आतून ठणठणीत होता, पण कडेला किल्ल्यांनी, नाण्यांनी आणि एकदा ऑफिसच्या जिन्याने ओरखडे काढून ठेवले होते. तेवढे गेले की काम झालं, असा परागचा हिशेब होता. नवीन फोनचं कव्हरसुद्धा त्याने आधीच आणून ठेवलं होतं.

“कड अॅल्युमिनियमची आहे का?” ईश्वररावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाही, स्टील.”

ईश्वररावांनी पेपरची घडी घातली. मुलगा दोन-तीन वर्षं स्टीलची वस्तू खिशात घालून फिरत होता आणि ही गोष्ट घरात त्यांना कोणी सांगितली नव्हती.

ईश्वररावांनी अख्खी नोकरी भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात, पॉलिशच्या मोटरवर केली होती. ताटं, तांबे, डबे, टोप. भांडं मोटरवर येताना काळपट, राखाडी आणि रुसलेलं असायचं. ईश्वररावांच्या हातून उतरताना त्यात समोरच्याचा चेहरा दिसायचा. शेठ एक ताट उचलायचे, त्यासमोर गुजराती पेपर धरायचे, आणि उलट उमटलेली अक्षरं स्वच्छ दिसली तरच माल पॅकिंगला जायचा. पॅकिंगला बायका बसायच्या. त्यातली एक जण रोज सुटायच्या वेळी ईश्वररावांनीच पॉलिश केलेलं ताट उभं धरून त्यात बघून केस सारखे करायची. दुसरी ताटंही तिथे रचलेली असायची, पण ती नेमकं यांचंच उचलायची. तिचं नाव गिरिजा. पुढचं सगळं रीतसर झालं.

आता त्या गाळ्यात जिम होती. ईश्वरराव कधी त्या बाजूला गेले की आत लोक घाम गाळताना दिसायचे आणि त्यातून एकही भांडं तयार होत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

“आण इकडे,” ते म्हणाले.

“बाबा, हे भांडं नाहीये.”

“स्टील आहे ना? मग स्टीलला काय कळतं आपण मोबाईल आहोत ते?”

परागने आईकडे पाहिलं. गिरिजाबाई मेथी निवडत होत्या. “दे त्यांना,” त्या म्हणाल्या. “नाहीतर दुपारपर्यंत तुझ्या मागे उभे राहून उसासे टाकतील.”

ईश्वररावांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात तळाशी फडक्यात गुंडाळलेली पॉलिशची हिरवी वडी निघाली. गाळा बंद झाला त्या दिवशी त्यांनी ती खिशात घालून आणली होती आणि तिचं काय करायचं हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं. वडी नाकाशी धरताच त्यांना एकदम सगळा गाळा आठवला. पट्ट्यांची घरघर, काळे चेहरे, दुपारच्या चहाला बंद पडणारी मोटर. त्यांचे डोळे पाणावले, आणि कोणी बघायच्या आत त्यांनी परागला कामाला लावलं.

“चिकटपट्टी आण. काचेवर लाव. सगळी भोकं बुजव. आणि कपडा पाहिजे, जाड, घट्ट विणीचा.”

जाड कपडा गॅलरीत दोरीवर वाळत होता. ईश्वररावांनी त्याचे गोल गोल तुकडे कापले, एकावर एक ठेवून गिरिजाबाईंच्या शिलाई मशीनवर शिवले आणि छान चाक तयार केलं. ती परागची ऑफिसला घालायची जीन्स होती, हे नंतर निघालं.

“बाबा, ही नवी होती!”

“म्हणूनच वीण घट्ट आहे,” ईश्वरराव म्हणाले.

चाक फिरवायला मोटर हवी होती. समोरच्या हंसाबेनकडे ड्रिल मशीन होतं. ते आणलं, डायनिंगच्या खुर्चीला दोरीने आवळून बांधलं, पुढे कापडाचं चाक बसवलं. आधी पेटीतला वॉटर पेपर, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, पाण्यात भिजवून ईश्वररावांनी ओरखडे काढले. जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग ड्रिल सुरू केलं.

त्यांच्या पूनम सागर सोसायटीतल्या रविवारच्या दुपारी जी काही झोप होती ती त्या आवाजाने संपली. हंसाबेन दारात आल्या. “ईश्वरभाई, मुझे लगा किसी का बाथरूम टूट रहा है!” मग त्यांनी आत पाहिलं. बाप-लेक दोघांचे चेहरे काळे झाले होते, टेबलावर काळी धूळ होती, निवडलेल्या मेथीवरही ती बसली होती, आणि ईश्वरराव चाकाला वडी लावत गुणगुणत होते. हंसाबेन काही न बोलता गेल्या आणि परत येताना पोह्यांचा रिकामा स्टीलचा डबा घेऊन आल्या. “इसका भी कर दो ना, हाथ के हाथ.”

“बघ,” ईश्वरराव परागला म्हणाले. “मागणी आहे.”

परागला हसू येत होतं, पण तो खुर्ची घट्ट धरून बसला होता. बाबांना काम करताना तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता. लहानपणी त्याला फक्त काम करून आलेले बाबा दिसायचे, नखांत काळं असलेले. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून तो ‘स्टील कंपनीत’ एवढंच लिहायचा. पुढे बोलायचा नाही. ईश्वररावांना ते माहीत होतं. त्यांनी कधी विषय काढला नाही, पण आपल्या हातचा एक तरी पीस पोराने नीट बघावा, असं त्यांना फार वाटायचं. भांडी तर सगळी लोकांच्या घरी गेली होती.

चिकटपट्टी काढली, मऊ फडक्याने शेवटचा हात मारला आणि ईश्वररावांनी फोन परागच्या हातात दिला. कडेला एकही रेघ नव्हती. त्या बोटभर पट्टीत खिडकी दिसत होती, खिडकीतली कुंडी दिसत होती, आणि फोन जरा फिरवला की परागचा काळा झालेला चेहराही.

“बाबा,” पराग म्हणाला, “हा नवीन होता तेव्हा पण असा नव्हता.”

ईश्वरराव हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

संध्याकाळी एक्स्चेंजवाला चंदन आला. पंचविशीचा, पाठीवर मोठी बॅग, हातात कंपनीचा फोन. त्याने नवा खोका टेबलावर ठेवला, जुना फोन उचलला, आणि खिडकीकडे नेऊन पाहू लागला. ईश्वरराव मागे हात बांधून उभे होते. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. शेठ असंच बघायचे.

“भाईसाब,” चंदन म्हणाला, “बॉडी कब चेंज कराई?”

“बॉडी? कहाँ चेंज कराई? ओरिजिनल है,” पराग म्हणाला.

“ओरिजिनल में इतनी शाइन नहीं आती. ये डुप्लिकेट फ्रेम है.”

ईश्वररावांचे कान तापले. “डुप्लिकेट? हमने खुद पॉलिश किया है. इधर, इस कुर्सी पर!” त्यांनी ड्रिल दाखवलं, वडी दाखवली, जीन्सचा उरलेला पाय दाखवला. गिरिजाबाईंनी पुरावा म्हणून काळी मेथी पुढे केली.

चंदन भला मुलगा होता. “अंकल, मैं तो मान गया. लेकिन फोटो ऑफिस जाता है. वहाँ वाले क्या मानेंगे?” त्याने चारी बाजूंनी फोटो काढले आणि पाठवले. सगळे उभ्यानेच थांबले. उत्तर आलं, फ्रेम बदललेली आहे, घेऊ नये.

“रिजेक्ट,” चंदन हळूच म्हणाला.

अख्ख्या नोकरीत ईश्वररावांचा एकही पीस रिजेक्ट झाला नव्हता. ते खुर्चीत बसले. ती ड्रिल बांधलेली खुर्ची होती, म्हणून पुन्हा उठून दुसरीत बसले.

“स्क्रॅच होते तो चल जाता,” चंदन म्हणाला. “यूज़्ड फोन यूज़्ड दिखना चाहिए ना. मैं बाजू के विंग में एक पिकअप करके आता हूँ. तब तक थोड़ा कुछ कर लो, फिर से फोटो डाल देंगे.” नवा खोका बॅगेत घालून तो गेला.

मग परागने खिशातून किल्ल्या काढल्या. एक किल्ली धरून फोनच्या कडेवर टेकवली. ईश्वररावांनी मान दुसरीकडे वळवली. किल्ली तिथेच राहिली.

“आई, तू कर,” पराग म्हणाला.

“मी नाही. यांनी हात लावलेल्या वस्तूवर मी कधी साधी तारेची घासणी फिरवली नाही. नारळाची शेंडी वापरते अजून.”

ईश्वररावांनी दोघांकडे पाहिलं. पोराच्या हौसेचा नवा फोन आपल्या हौसेपायी जातोय, हे त्यांना फार लागत होतं. “दे,” ते उठले. “माझा पीस आहे. मीच बिघडवतो.”

त्यांनी सगळ्यात जाड वॉटर पेपर घेतला आणि गॅलरीत जाऊन बसले. पहिला हात मारताना त्यांनी डोळे मिटले. दुसरा मारताना उघडले. मग पेपर चालायला लागला.

“अहो, वेडेवाकडे काढा!” गिरिजाबाई आतून म्हणाल्या.

“वेडेवाकडेच काढतोय!”

चंदन परत आला तेव्हा ईश्वररावांनी फोन त्याच्या हातात ठेवला आणि नजर चुकवली. चंदनने फोन उजेडात धरला. तो बघतच राहिला. कडेवरची चमक गेली होती खरी. तिच्या जागी केसासारख्या बारीक रेघा होत्या, सगळ्या एका दिशेला, सगळ्या एका दाबाच्या, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड. एकही रेघ चुकून दुसरीवर चढली नव्हती.

“अंकल, ये क्या किया?”

“स्क्रॅच मारे.”

“ये स्क्रॅच है?”

ईश्वररावांनी स्वतः फोन घेऊन पाहिला. मग कपाळाला हात लावला. “मॅट फिनिश झालं,” ते पुटपुटले. “अगं गिरिजा, मॅट फिनिश झालं! हात ऐकतच नाही.”

चंदनने तरीही इमानदारीने फोटो पाठवले. या वेळी उत्तर लगेच आलं. या मॉडेलमध्ये अशी फ्रेम कंपनीने कधी काढलेलीच नाही, असं त्यात म्हटलं होतं. चंदनने ते वाचून दाखवलं आणि आधी तोच हसला. मग पराग हसला. तो इतका हसला की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. फक्त ईश्वरराव हसत नव्हते.

“माझ्यामुळे गेला तुझा फोन,” ते म्हणाले. “आज शेवटचा दिवस होता.”

परागने डोळे पुसले. “भाई, कॅन्सल कर दो,” तो चंदनला म्हणाला.

“पक्का?”

“पक्का. ये फोन मैं ही रखूँगा.”

चंदनने ऑर्डर रद्द केली, गिरिजाबाईंनी दिलेला चहा उभ्याउभ्या घेतला, जाताना दारात ईश्वररावांच्या पाया पडल्यासारखं वाकला आणि आपल्या बाईकच्या सायलेन्सरचं काही होईल का, असं विचारून गेला.

पराग फोन हातात फिरवत उभा होता. “बाबा, ऑफिसमध्ये विचारतील हे कुठून करून आणलं.”

“मग काय सांगशील?”

“सांगेन, आमच्या बाबांनी केलंय. त्यांचं कामच होतं ते. पॉलिशचं.”

ईश्वरराव खोकले आणि ड्रिलची दोरी उगाचच घट्ट करू लागले.

“पण हे मॅट नको,” पराग म्हणाला. “मला ते पहिलंच पाहिजे, खिडकी दिसत होती ते. आणि या वेळी मी करणार. तुम्ही फक्त दाखवा.”

“तू?”

“हो. हात कसा धरायचा ते सांगा.”

ईश्वररावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली, हिरवी वडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि गाळ्यात नव्या माणसाशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “आधी तो चांगला शर्ट काढून ये. काळा होशील.”