उसाच्या मोळीतली बंदूक

दादाची घोंगडी उन्हात टाकावी, एवढंच बिरदेवच्या मनात होतं. दादा जाऊन पंधरवडा झाला होता. रिकामं बसलं की रडू यायचं, म्हणून तो सारखं काहीतरी काम काढायचा. माळ्यावरून घोंगडी ओढली, तर ती वाशासारखी ताठ. उलगडली, तर आतून बंदूक निघाली.

बिरदेव होता तिथंच खाली बसला.

दादा, म्हणजे थोरला भाऊ ज्योतिबा, साखर कारखान्यावर रात्रीचा राखणदार होता. गेल्या साली त्याच कारखान्याची बंदूक चोरीला गेली होती आणि चोर काही सापडला नव्हता. ती बंदूक बिरदेवनं कधी पाहिली नव्हती. (पाहिली असती तरी काय? चौथीतून पळालेल्या माणसाला बंदुकीचं तोंड कुठलं एवढं कळलं तरी पुष्कळ.) म्हणजे दादा चोर? कवठे गावातली माणसं अजून दारात येऊन ‘देवमाणूस गेला’ म्हणत होती. त्यांना हे कळलं तर?

दौंडला मीरासाहेब चाचा होते. दादाचे दोस्त. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. कुठली, कुठल्या सालची, ते एका नजरेत सांगतील. बिरदेवनं तडक रानातून ऊस तोडला, मधोमध बंदूक घातली, पाचटानं मोळी आवळली आणि निघाला. (चाचांनाच घरी बोलवावं हे त्याला सुचलं, पण ते शिरूरहून दौंडची वडाप जीप सुटल्यावर.)

उसाची मोळी नेण्याला कुणाची बंदी नाही. पण मागणाऱ्याला ऊस नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही, हे तो साफ विसरला होता.

“कुठला रं ऊस, लेकरा?” जीपमध्ये समोर बसलेल्या म्हाताऱ्या वच्छलाबाईंनी सुरुवात केली.

“कवठ्याचा, आजी.”

“मग दे की एक. दात हायेत अजून.”

बिरदेवनं सापाच्या बिळात हात घालावा तसा मोळीत हात घालून एक ऊस काढला. तेवढ्यात मागून आवाज आला, “आमच्या पोराला?” मग पुढून, “अन् डायवरला न्हाई व्हय?”

“पाव्हण्याकडं न्यायचाय हो...”

“पाव्हणं काय पळून जात्यात? अन् मयताला निघाल्यागत तोंड कशापायी केलंय?”

बिरदेवनं तोंड मोळीमागं लपवलं. पुढं कुणी काही विचारू नये म्हणून त्यानं आणखी दोन ऊस देऊन टाकले.

वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत मोळी निम्मी झाली. शेजारी एक मिशाळ गृहस्थ सगळ्यात जास्त ऊस खात होते. साधा पांढरा सदरा, गरीब चेहरा. बिरदेवला त्यांचा त्यातल्या त्यात आधार वाटत होता. एवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, “संपत हवालदार, चघळलेल्या चोयट्या भाईर टाका बरं का, गाडीत नको.”

 बिरदेवनं उरलेला ऊस घाईनं पोटाशी धरला. त्यामुळे तो जास्तच चांगला असणार, असं सगळ्या जीपचं मत झालं.

“मधला काळा दिसतोय,” हवालदार म्हणाले. “काळा लई गोड असतो.” आणि त्यांनी ओढला.

नळी बाहेर आली.

जीप थांबली. ड्रायव्हर उडी मारून शेतात पळाला. वच्छलाबाई चघळता चघळता म्हणाल्या, “इश्श! ह्याला कुठला आलाय रस?”

“कारखान्याची न्हाई, साहेब!” बिरदेव ओरडला. “माझा दादा चोर न्हाई!”

“कारखान्याचं नाव कुणी काढलं?” हवालदारांनी बंदूक न्याहाळली. “कारखान्याची दुनळी व्हती. ही न्हवं ती.”

बिरदेवचा जीव भांड्यात पडला.

“ही थ्री-नॉट-थ्री हाय. ही आम्हा पोलिसांची असती.”

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. दादानं पोलिसांच्याच घरात हात घातला होता तर!

‘दौंडच्या चाचांना इचारा’ म्हणून बिरदेवनं गयावया केली, तेव्हा हवालदारांनी त्याला तिथंच नेलं. मीरासाहेब चाचा दुकानात स्टोव्ह दुरुस्त करत होते. हवालदारांनी गचांडी धरलेला बिरदेव बघून त्यांनी चष्मा पुसला. मग दस्त्यालगतच्या लोखंडी पट्टीवरचं दसऱ्याच्या पूजेचं तेलकट कुंकू त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं काढलं. खाली मुकुट उमटला, मुकुटाखाली साल.

“त्रेचाळीस. हिटलरच्या लढाईतली. बंगालात इशापूरला इंग्रजांनी घडवलेली.” मग त्यांनी लाकडावरचा काळा रंग खरवडला. खालून पांढरा पट्टा निघाला, त्यावर दोन इंग्रजी अक्षरं. “अन् हे बघा हवालदार. डी. पी. कवायतीची बंदूक. नळीला भोक पाडलंय, आतली पिन कापलीय. हिच्यातनं गोळी काय, धूरसुदीक निघायचा न्हाई.”

“मग दादाकडं कशी?” बिरदेवनं विचारलं.

“कवायतीचा जुना माल लिलावात निघाला, तवा मी घेतली. त्यानं माझ्याकडनं मागून नेली. काळा रंगबी त्यानंच दिला, खरी दिसावी म्हणून. दुनळी चोरीला गेल्यावर कारखान्यानं दिली नुसती काठी. एकटा उभा ऱ्हायला लई भ्यायचा तुझा दादा.”

“दादा? भ्यायचा?”

“थरथरायचा.”

हवालदारांनी गचांडी सोडली. “जमा करावी लागंल,” ते म्हणाले. “पण चोरी न्हाई ही.”

बिरदेवनं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, “मला का न्हाई सांगितलं त्यानं? मी त्याला वाघ समजायचो म्हणून व्हय, चाचा?”

“न्हाई रं.” चाचांनी स्टोव्ह पुन्हा जवळ ओढला. “म्हणायचा, धाकट्याला कळू देऊ नका. ते येडं घाबरून बंदूक काखंत मारून थेट हवालदाराच्या शेजारी जाऊन बसंल.”

संपत हवालदार हसून हसून ठसकले. बिरदेवनं रागानं तोंड उघडलं. असल्या बोलण्यावर तो दादाशी चार दिवस भांडला असता. आता तेवढीही सोय राहिली नव्हती, आणि दादाचं म्हणणं तर शब्दन् शब्द खरं होतं.