पीएचडी योजनेचे लाभार्थी

लेखाशास्त्रात पीएचडी करणं म्हणजे माझ्या हातचा मळ! विषय पक्का होता, 'ढाणकीतील किरकोळ व्यापाऱ्यांची हिशेबपद्धती'. राहिल्या होत्या फक्त तीनशे प्रश्नावल्या. महिन्याभरात प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि मग उमरखेडच्या कॉलेजात जन्मभर तासिका तत्त्वावर! पण त्यात काय? एका दिवसाचं काम!

"नमस्कार, मी अनघा. नफ्या-तोट्याची नोंद कशी ठेवता?" मी पहिल्याच किराणा दुकानात विचारलं. मालक नागोरावांचा चेहरा अंगावर पाल पडल्यासारखा झाला.

"जीएसटीवाल्या हाय का तुमी?"

"नाही हो, मी संशोधन करते."

"आमचं संशोधन कायले? आमी काय केलं?"

धाडकन शटर खाली! तो आवाज ऐकून शेजारचं शटर, मग त्याच्या शेजारचं. दहा मिनिटांत अख्खी बाजारपेठ बंद! कोणीतरी विचारत होतं म्हणे, "कोन नेता गेला?"

उघडं राहिलं फक्त जमीरभाईंचं गॅरेज. कारण त्याला शटरच नव्हतं.

"मॅडम, असं नाई जमत," जमीरभाई पाना पुसत म्हणाले. "काई भेटनार असंन तरच मानूस तोंड उघडते. उद्या या. मी सांगून ठेवतो."

काय सांगणार, हे मी विचारलं नाही. सात वर्षं प्रश्न तयार करण्यात घालवली, आणि नेमका हाच राहिला!

दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोर ही भलीमोठी रांग! प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुक आणि दोन फोटो.

"जमीरभाई, सांगितलंत तरी काय?"

"जास्त नाई. मॅडम फारम भरून राह्यल्या, फायदा होईन, एवढंच."

कोणाचा फायदा, ते सांगायचं राहून गेलं होतं.

मी स्टुलावर चढले. "ऐका! ही सरकारी योजना नाही! ही माझी पीएचडी आहे!"

बांगड्या विकणाऱ्या लालीबाई पुढे सरकल्या. "पीएचडी योजना? किती भेटते वं बाई?"

"काहीच मिळत नाही!"

"असंच सांगतेत पयले. मंग आपल्याच मानसाइले वाटतेत. लिव माहं नाव!"

रांग दुप्पट झाली. प्रश्नावल्या संपल्या, तर समोरच्या झेरॉक्सवाल्याने त्या वीस रुपयांना एक अशा विकायला काढल्या. नागोरावांनी तीन भरल्या. एक स्वतःची, एक बायकोची, एक मयत वडिलांची!

घरी येऊन उत्तरं वाचली. नफा: नाही. तोटा: भयंकर. वार्षिक विक्री: 'कृपा करावी'. सराफानेही स्वतःला निराधार लिहिलं होतं! सहाशे बारा प्रश्नावल्या आणि त्यांत खरं फक्त नाव, तेही सगळ्यांत नाही.

गठ्ठा घेऊन मी यवतमाळला मार्गदर्शक मधुसूदन सरांकडे गेले. रडूच फुटलं.

"सर, सगळं खोटं आहे! लोकांना वाटलं, योजना आहे. हे मी प्रबंधात नाही घालणार. नोंदणी गेली तर जाऊ दे!"

सरांनी गठ्ठा चाळला. चष्मा काढला. उठून दार लोटलं. आता प्रामाणिकपणावर चार शब्द ऐकायला मिळणार, म्हणून मी डोळे पुसले.

"अनघा," सर हळूच म्हणाले, "आमच्या मेव्हण्याचं पुसदला कटलरीचं दुकान आहे. एखादा कोरा फॉर्म उरलाय का गं?"

दिला मी. काय करता, प्रबंधावर सही त्यांचीच लागते!