काळिमा-तपासणी

निवृत्त ग्रंथपालांच्या संग्रहात एकूण एकेचाळीस काजळडब्या आणि सुरमेदाण्या होत्या आणि त्यांपैकी एकीलाही सरकारमान्य म्हातारपण नव्हतं. संग्रहालयाच्या नव्या दालनात, जुनेपणाचा दाखला मिळालेल्या वस्तूसाठी, एक काचपेटी रिकामी होती. खाली आपल्या नावाची पाटी लागावी म्हणून त्यांनी आत्याची डबी मागून आणली. पितळेची, मोराच्या झाकणाची, आत्याच्या पणजीपासून चालत आलेली.

"दाखला मिळाला की परत आण," आत्या म्हणाली. "रोज लागते मला."

संग्रहालयातल्या तज्ज्ञसाहेबांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. तळाशी काजळाचा थर जितका जाड, तितकी डबी जुनी. त्यांनी आत सळई फिरवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"थर कुठाय?"

थर नव्हता. परक्याच्या दारी उष्टं भांडं पाठवू नये, या शिस्तीनं आत्यानं डबी घासून लख्ख केली होती.

"काळिमा शून्य," साहेबांनी लिहिलं. "म्हणजे वय शून्य."

"अहो, ती वापरणारी आमची आत्याच पंच्याऐंशीची आहे."

"आत्याबाईंचा तळ आम्ही तपासलेला नाही. डबी रोज वापरा, शंभर वर्षांनी पुन्हा या. अर्ज हाच चालेल, फक्त तारीख बदला."

ग्रंथपाल अर्ज परत घ्यायला टेबलावर वाकले. त्यांच्या कोपराचा धक्का लागून टेबलावरचा शिक्क्याच्या शाईचा पत्र्याचा डबा तपासणीच्या तबकात घसरला. तबकात आलेली वस्तू तपासायचीच, असा नियम होता. साहेबांनी सळई फिरवली. सळई रुतली.

"बापरे, चार मिलिमीटर. हे राजघराण्यातलंच काजळ. दात्याचं नाव?"

ग्रंथपालांनी आपलं नाव सांगितलं. स्पेलिंगसुद्धा सांगितलं.

दाखला टाइप झाला, सही झाली. शिक्का तेवढा राहिला, कारण शाईचा डबा काही केल्या सापडेना. तेव्हापासून त्या कार्यालयातून एकही शिक्क्याचा कागद बाहेर पडलेला नाही.

उद्घाटनाला आत्या आली, डोळ्यांत काजळ घालून. काचपेटीपाशी थबकली.

"अरे, हा तर शिक्क्याचा डबा."

"हळू बोल गं," ग्रंथपाल पाटीकडे बघत पुटपुटले.

पण रांगेतून आवाज आलाच, "आजी, आपल्याला कळत नसेल तर पुढे सरकावं. त्या काळची कारागिरी आहे ती."

आत्यानं वळून पाहिलं. मागे तुम्हीच उभे होतात.