कस्टममध्ये अडकलेली गाढवं

आथेन्सची पोलिक्सेनी दर नाताळला शुभेच्छापत्र पाठवायची. कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, की याचे पैसे अनाथ मुलांना जातात. ती बारीक अक्षरं एव्हान्थियाच्या डोक्यात जायची.

"माझी मावसबहीण पुण्य करते आणि वर टपालानं कळवतेसुद्धा. आपण काय करतो? वाचतो!"

तिचा नवरा स्तमातिस जन्मभर फेरीबोटीची तिकिटं फाडून निवृत्त झालेला. त्यानं ठरवलं, यंदा आपणही धर्मादाय कार्डं पाठवायची. गावच्या चर्चमध्ये ती मिळत होती, स्वस्तही होती. पण पोलिक्सेनीवर मात करायची तर माल परदेशी हवा. म्हाताऱ्या गाढवांना सांभाळणारी एक इंग्लिश संस्था त्यानं इंटरनेटवर शोधली आणि वीस कार्डं मागवली. प्रत्येकावर लाल टोपी घातलेलं गाढव. ("गोड आहे हो!" एव्हान्थिया म्हणाली. नवऱ्याच्या निर्णयाला गोड म्हणण्याची ही तिची पहिलीच वेळ.)

नाताळ तोंडावर आला तेव्हा तो कॉफीच्या दुकानात बसलेला असताना फोन वाजला. बंदरावरच्या कस्टममधून द्रोसूला नावाच्या बाई बोलत होत्या.

"तुमची वीस गाढवं आलीत."

"वा! अगदी वेळेवर!" स्तमातिस ओरडला. आजूबाजूचे पत्ते खेळायचे थांबले.

"पण कागदावर वजन अर्धा किलो दिसतंय. एकेकाचं?"

"छे, सगळ्यांचं मिळून."

"उपाशी ठेवली होती का हो?"

"बारीकच असतात ती. घडी घालून येतात ना!"

"आणि ठेवणार कुठे?"

"कपाटात. फक्त चार दिवस. मग एकेकाला पाकिटात घालायचं, जीभ फिरवून चिकटवायचं, की टाकलं पोस्टात."

"अहो, ही क्रूरता आहे!"

"क्रूरता कसली बाई? धर्मादाय आहे!"

दुसऱ्या दिवशी तो बस पकडून बंदरावर गेला. पाकिटावर इंग्लिश संस्थेनं 'गाढवं, वीस' एवढंच लिहिलं होतं. 'कार्डं' हा शब्द बहुधा त्यांनी मनातच म्हटला असावा. द्रोसूलाबाई पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, "पण संगणकात 'जिवंत प्राणी' अशी नोंद झालीय. आता माझ्या हातात काही नाही."

पशुवैद्य येऊनच बसले होते. त्यांनी गंभीरपणे प्रत्येक कार्ड उजेडात धरलं, 'डोळे स्वच्छ, अंगावर जखम नाही' असं लिहून सही ठोकली. कर, हाताळणी आणि डॉक्टरांची फी मिळून कार्डांच्या तिप्पट पैसे झाले.

"दानावर कर?" स्तमातिस कळवळला.

"दान तुम्ही तिकडे केलंत. कर इकडे."

त्यानं पैसे भरले आणि कार्डांसाठी हात पुढे केला.

"आता नाही," बाई म्हणाल्या. "बाहेरून आलेली जनावरं आधी काही दिवस वेगळी ठेवतात. नाताळ झाल्यावर या."

घरी येऊन हे सगळं सांगण्याची स्तमातिसची छाती झाली नाही. "येतायत, वाटेत आहेत," एवढंच तो पुटपुटला आणि पेपरामागे लपला.

संध्याकाळी दारात शेजारचा मान्थोस उभा. हातात दोरखंड.

"वहिनी, कॉफीच्या दुकानात कळलं, तुमच्याकडे वीस गाढवं आलीत म्हणून. ऑलिव्हची पोती खाली आणायचीत. एखादं दोन दिवस द्याल का?"

एव्हान्थियानं पेपराकडे पाहिलं. पेपर आणखी वर सरकला. पाचच मिनिटांत तिनं नवऱ्याकडून सगळं वदवून घेतलं. मग ती शांतपणे मान्थोसला म्हणाली, "भाऊजी, वीस कस्टममध्ये अडकलीत. एकविसावं हे इथं मोकळं बसलंय. घेऊन जा."

दोन दिवस स्तमातिसनं डोंगरावरून पोती वाहिली. तिसऱ्या दिवशी मान्थोस त्याला परत पोचवायला आला.

"कामाला चांगलं आहे, वहिनी," तो म्हणाला. "पण बोलतं फार."