गोलात लागलेली समाधी

भिवंडीत हॉकी म्हटलं की पहिलं नाव माझं! निदान आमच्या घरात तरी, आणि तेही मीच घेतो म्हणून. कॉलेजात मी हॉकी खेळायचो. कसा खेळायचो हे बघितलेली माणसं आता पांगली, त्यामुळे मला सांगायला रान मोकळं होतं. जेवताना वरणाबरोबर मी एक गोल करायचो आणि ताकाबरोबर दुसरा.

पुढे आमची ओवी शाळेच्या हॉकी संघात आली, आणि एके दिवशी ताकाचा गोल अर्ध्यावर अडवून म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, नुसतं सांगता!"

लागलं हो! बायको म्हणाली असती तर एक वेळ सोडून दिलं असतं, त्याची सवय आहे. पण लेकीनं म्हणावं? त्याच आठवड्यात जवळच्या शेलार गावात प्रौढ खेळाडूंसाठी हॉकीचं शिबिर भरणार असल्याचं कळलं. शेवटी ठाण्याच्या संघाशी सामना! मी नाव दिलं आणि घरात जाहीर केलं, "ओवी, सामन्याला पुढच्या रांगेत बसायचं. बापाचा खेळ डोळ्यांनी बघायचा!"

"संघात घेतलं तर," विद्युल्लता, म्हणजे आमची बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली.

शिबिराचे सर केसरीनाथ भोईर. शेलारचेच. जमीन गोदामांना भाड्यानं दिलेली, त्यामुळे पोटापाण्याची काळजी नाही. उरलेली सगळी काळजी ते हॉकीची करतात. पहिल्याच दिवशी ते ओरडले, "कंबर वाकव! आजून वाकव!" मी कॉलेजच्या ऑफिसातला कारकून, साहेबांपुढे वाकायची सवय आहेच. वाकलो. आणि तसाच राहिलो!

"बगा रं, याला बोलतात हॉकीची कंबर! मघाधरनं सरल न्हाय झाला!"

"सर, सरळ होताच येत नाहीये!"

मला दोघांनी धरून उलगडलं. सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग तू गोलात जा. तिथं कंबर लागत न्हाय."

गोलकीपरचा पोशाख तुम्ही कधी घातलाय? पायांना जाड पॅड, छातीला जाड पॅड, डोक्यावर जाळीचं हेल्मेट. थोडक्यात, अंगभर गादी नेसून उभं राहायचं. त्यात गोलाच्या मागेच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. खटक-खट, खटक-खट, खटक-खट...

इथे आमच्या घराण्याचं एक गुपित सांगायला हवं. आम्ही भिवंडीतल्या कामतघरचे. भिंतीला भिंत लागून लूम. आम्हाला अंगाई लागत नाही, लूम लागतो. लूम चालू असला की सगळी चाळ गाढ झोपते. लाइट जाऊन लूम थांबले की तीच चाळ दचकून उठते, "काय झालं? काय झालं?" लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो, तर तिथल्या शांततेनं मी रात्रभर टक्क जागा! विद्युल्लतेचा काहीतरी वेगळाच समज झाला, ते जाऊ द्या. तेव्हापासून तिच्या मोबाइलमध्ये लूमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग असतं. परगावी गेलो की ती मला ते लावून देते.

तर मी गोलात उभा होतो. ऊन उतरलं होतं. कारखान्याच्या खिडकीतून सुताची रुई तरंगत बाहेर येत होती आणि तिरप्या उन्हात सोन्यासारखी चमकत होती. खटक-खट. मैदान हिरवं होत होत पार खाडीपर्यंत पसरलं. माझे पाय जमिनीवरून हलके झाले. चेंडू रुईसारखे अलगद यायचे, मी त्यांना ओंजळीत घ्यायचो आणि परत सोडून द्यायचो. दूर कुठेतरी ओवी दोन्ही हात हलवत होती. किती सुंदर होतं म्हणून सांगू!

"वा रं अवधूत!"

मी डोळे उघडले. पायांशी चेंडूंचा ढीग! सगळे माझ्या पॅडवर आपटून पडले होते.

"काय शांत हाय बगा हा! अंगावर चेंडू आला तरी हलत न्हाय! न्हायतर तो मनोज!"

मनोज म्हणजे दुसरा गोलकीपर. चेंडू डावीकडे आला की तो उजवीकडे झेपावायचा, आणि झेप मात्र अगदी देखणी असायची.

हे रोज घडू लागलं. मी उभ्या उभ्या झोपायचो, चेंडू माझ्यावर आपटायचे, सर हरखायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, "सर, खरं सांगायचं तर मी..."

"बोलू नको! बोललास का ध्यान मोडतं!"

एवढ्यावर थांबले असते तर बरं! त्यांनी मला सगळ्यांपुढे एकाग्रतेवर बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "डोळे अर्धवट मिटा, आजूबाजूचं सगळं विसरा, एका लयीत श्वास घ्या." मागच्या रांगेत कुणीतरी घोरायला लागलं. मनोज पुढच्या फळीत गेला आणि गोलकीपर म्हणून माझी निवड झाली!

सामना शुक्रवारी होता. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून अख्खं कामतघर बघायला लोटलं होतं. पुढच्या रांगेत ओवी आणि विद्युल्लता. मी रुबाबात गोलात उभा राहिलो, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. कारखाना बंद होता! सगळीकडे शांतता! मी टक्क जागा होतो!

गोलातून जागेपणी मी चेंडू पहिल्यांदाच बघत होतो. तो इतका जोरात येतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी बाजूला झालो. गोल! खाली बसलो. गोल! तिसऱ्याला मी पाठ फिरवली. तोही गोल!

"काय झाला रं तुला?" मध्यंतरात सर कळवळले.

"सर, आज शांतता फार आहे."

तेवढ्यात ओवी आली. माझी लेक आहे ती, तिला सांगावं लागत नाही. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज गोलात झोपायचात ना?"

मी पॅडचा पट्टा घट्ट केला. तो सैल नव्हता.

"आई, मोबाइल दे!" म्हणत ती स्पीकरवाल्याकडे धावली.

"ये कौनसा गाना है बेटा?"

"अंकल, बजाओ ना!"

आणि मैदानभर घुमू लागलं, खटक-खट, खटक-खट. माझ्या पायाखालची जमीन हलकी झाली. पुन्हा ती रुई, पुन्हा ते सोनेरी ऊन...

"काका, उठा! माझा पाय!"

डोळे उघडले तर मी पालथा पडलेला! खाली चेंडू आणि ठाण्याच्या खेळाडूचा पाय! चेंडूवर झोपणं हॉकीत गुन्हा आहे. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला. मी झोपलो होतो तेवढ्या वेळात मनोजनं तिन्ही गोल फेडून बरोबरी केली होती. वेळ संपत आलेली. समोर ठाण्याचा तो खेळाडू एकटा, इकडे मी एकटा.

लूमचा आवाज चालूच होता, पण भीतीनं माझी झोप पार उडाली होती. पळून जावंसं वाटलं. मग वाटलं, ओवी बघतेय. पाठ फिरवायची नाही!

त्यानं मारला. मला चेंडू दिसला, अगदी स्पष्ट! मी डावीकडे झेपावलो, चेंडूही डावीकडेच आला आणि धाडकन माझ्या पॅडवर आपटून बाहेर गेला! अडवला! मी, अवधूतनं, जागेपणी अडवला! सामना बरोबरीत सुटला! डोळ्यांत पाणी आलं हो!

मी हात उंचावून पुढच्या रांगेकडे बघितलं. ओवी आईच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. विद्युल्लता ओवीच्या डोक्यावर डोकं टेकवून. मागे अख्खं कामतघर एका लयीत घोरत होतं.

रेकॉर्डिंग संपलं. सगळे दचकून उठले, "काय झालं? काय झालं?"

"काय व्हनार?" केसरीनाथ सर मला मिठी मारून ओरडले. "स्ट्रोक अडवला! मना ठावं व्हता, याचा ध्यान मोडत न्हाय!"

ओवी धावत आली, गळ्यात पडली आणि हेल्मेटच्या जाळीशी तोंड आणून कुजबुजली, "झोपेत अडवलात ना, बाबा? कसली भारी आयडिया होती माझी!"

"नाही गं! जागा होतो! शपथ! चेंडू बघितला, झेप घेतली..."

तिनं माझ्याकडे बघितलं, प्रेमानं हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, नुसतं सांगता!"